तिसऱ्या खंडाची बंद पानं

पान ३०१

दातांच्या डॉक्टरांनी तीस वर्षं खपून तीन खंड जमवले. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली कादंबरी, पहिली आवृत्ती. तिसऱ्या खंडाची पानं कडेला अजून जोडलेली, छापखान्यातून आली तशी. कापली नाहीत म्हणून तर दुर्मीळ!

मग वाचायची कशी? दाढा बघायचा आरसा आत सारून. अक्षरं उलटी दिसत. पण जन्मभर लोकांचे दात उलटेच बघितलेले, त्यात काय?

रोज दुपारी ते मराठी करून वाचत. बायको मटार सोलत ऐके. कादंबरीतला भाऊ बोटीवर गेलेला. बहीण धक्क्यावर उभी.

"परत येतो का हो तो?"

"आरसा तिथवर पोचत नाही. पान वरूनही जोडलंय."

"मग कापा."

डॉक्टर उठलेच. "कापा? अगं, शंभर दीडशे वर्षं कुणी..."

"सोमवारी माझी छाती कापणार आहेत. मी कुरकुर केली? शेवट ऐकल्याशिवाय मी काही त्या टेबलावर चढायची नाही."

पान ३०२ आणि ३०३ (बंद)

रविवार. डॉक्टरांनी कवळीचं मेण कापायची सुरी घेतली.

"जरा दुखेल हं," ते पुस्तकाला म्हणाले.

"मला तर म्हणाला होतात, काही कळणारसुद्धा नाही!"

त्यांनी सुरी घडीवरून ओढली. कर्र.

डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसला.

बोट बुडाली होती. दीड ओळीत.

"येतो का?"

डॉक्टरांनी पान तळहाताने झाकलं.

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांच्या खिशातला आरसा काढून त्यांच्याच हातात दिला.

"आरशाने वाचा."

"अगं, पान उघडं आहे आता."

"असू दे. आरसा जिथे पोचायचा नाही ना, तिथलं तुम्ही मनाने रचून सांगायचात, आणि त्यात एक माणूस कधी मेलं नाही. सगळे वेळेवर जेवायचे. मला काय कळत नव्हतं?"

पान ३०४ (मूळ पुस्तकात कोरं)

डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर आरसा धरला.

"धक्क्याला बोट लागते. भाऊ उतरतो. जरा वाळलाय..."

"आणि दात?"

"शाबूत. बत्तीसच्या बत्तीस."

"हं," ती म्हणाली आणि सोमवारची पिशवी भरायला उठली.