तिसऱ्या गाण्यानंतर

आमच्या तबकडीवर एकही कोरी रेघ नव्हती. दोन गाण्यांच्या मधे जी गुळगुळीत पट्टी असते, जिथे नेमकी सुई टेकवता येते, ती आमच्या गायकाने, आर्डेनने, ठेवूच दिली नाही. पहिलं गाणं दुसऱ्यात वितळायचं, दुसरं तिसऱ्यात. सरोवर गोठतं तिथपासून बर्फ फुटतो तिथपर्यंतचा एक हिवाळा, काठावरच्या एका घरातला, आणि त्या घरातली दोन माणसं. ऐकायचं तर सगळं ऐका, नाहीतर आमच्या वाटेला जाऊ नका, असा त्या तबकडीचा चेहरा होता.

पन्नास वर्षांपूर्वी डुलुथ शहरातल्या रेडिओवाल्याने विनवून पाहिलं होतं. "एखादं गाणं सुटं करून द्या, रोज वाजवतो." आर्डेन म्हणाला, "हिवाळा तोडून विकत नाही मी." तो बाविशीचा होता, मी एकविशीचा, आणि ते वाक्य आम्हाला दोघांनाही फार आवडलं. तबकडी कोणी घेतली नाही. आमचा ढोलवाला डेनी गोदीत नोकरीला लागला, मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागलो. आर्डेनची बायको इंगा मात्र मरेपर्यंत हसत राहिली. "तबकडीत म्हणे मी बर्फावरून निघून जाते," ती म्हणायची, "आणि इथे चाळीस वर्षं याचेच मोजे शोधतेय."

आता डेनीही नाही. आणि गेल्या वर्षी कोणीतरी ती तबकडी इंटरनेटवर चढवली. यंत्राने तिचे नऊ तुकडे केले आणि तिसरा तुकडा एकटाच जगभर भटकायला निघाला. त्यात जानेवारीतलं स्वयंपाकघर, पिवळा दिवा, खिडकीवर साचलेलं दव, मोज्यांतल्या पावलांनी नाचणारी दोघं. आमच्या आख्ख्या आयुष्यात जितक्यांनी ऐकलं नसेल तितक्यांनी ते एका महिन्यात ऐकलं.

एका रविवारी आर्डेनची नात कीर्स्टन आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, टोबिनला, घेऊन आली तेव्हा मी आर्डेनच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो.

"आजोबा, लग्नात आमचा पहिला नाच तुमच्या गाण्यावर. आणि तुम्ही गायचं. लेनर्डआजोबा वाजवतील." तिने माझ्याकडे बोट केलं.

"लेनर्ड काहीही वाजवतो," आर्डेन म्हणाला. "मी नाही गाणार."

"का?"

"ते लग्नाचं गाणं नाही. चौथं ऐकलंस? चौथ्यात ती त्याला सोडून जाते. तिसऱ्यातला तो माणूस सुखी नाहीये, पोरी. त्याला अजून कळलेलं नाही, एवढंच."

टोबिनने कॉफीचा मग अलगद खाली ठेवला. बिचारा या घरात नवा होता.

"पण आधी बघा तरी," कीर्स्टन म्हणाली आणि तिने फोनवर गाणं लावलं. दोघं टेबल आणि शेगडी यांच्यामधल्या अरुंद जागेत नाचू लागली. बरं नाचत होती. शेवटच्या ओळीनंतर आर्डेनचा तरुण आवाज खोल श्वास घेतो आणि तिथेच तुकडा संपतो. त्या श्वासाबरोबर दोघं थबकली. गाल गालाला, कीर्स्टनचं एक पाऊल हवेत. फोन गप्प झाला.

"हे काय?" आर्डेनने विचारलं.

"शेवट. सगळ्यात सुंदर जागा हीच आहे. तुम्ही काहीतरी म्हणायला श्वास घेता आणि म्हणतच नाही."

मला हसू आलं; मग ते आपोआप मावळलं. तो श्वास चौथ्या गाण्याचा होता. त्याच्या पाठोपाठ पहिली ओळ येते, दार उघडतं, थंडी आत शिरते. यंत्राची कात्री नेमकी उंबऱ्यावर पडली होती, आणि जगाला ती आमची कला वाटली होती.

"ती चूक आहे," आर्डेन कोरड्या आवाजात म्हणाला. "तिथे गाणं संपत नाही."

"संपू नये असंच वाटतं आम्हाला."

"कीर्स्टन, नऊ गाणी मिळून एक गोष्ट आहे. तुम्ही लोकांनी तिचा एक डोळा काढून अंगठीत बसवलाय."

ती त्याच्यासमोर बसली. इंगासारखीच, कोपरं टेबलावर टेकून. "मी सगळी नऊ ऐकलीत, आजोबा. खूपदा. चौथं मला पाठ आहे. पण तिसऱ्यात असताना त्या दोघांना ते माहीत नसतं ना? आम्हाला तरी कुठे माहीत आहे आमचं चौथं? आम्ही आत्ता स्वयंपाकघरात आहोत. तेवढंच म्हणा आमच्यासाठी."

आर्डेनने उठून कॉफीचे मग विसळायला घेतले. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "पन्नास वर्षं मी लोकांना शेवट ऐकवायला धडपडलो, लेनी."

"आणि लोकांनी?"

"लोकांनी काय, सुरुवातही नाही ऐकली." मग फडकं पिळता पिळता: "तुझ्या डाव्या हाताला आवर घाल. सवयीने चौथ्यात घुसशील."

म्हणजे तो गाणार होता.

खलाशांच्या सभागृहात दुपारी लग्न झालं. धुरावलेल्या माशाचा आणि भट्टीतून काढलेल्या बटाटा-खिम्याच्या हॉटडिशचा वास, भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि निम्म्या तरुण पाहुण्यांना पाठ असलेलं आमचं गाणं. आर्डेनचा आवाज आता खरवडलेला आहे. वरचे सूर त्याने सोडून दिले, तिथे पोरं गायली. तो चिडेल असं मला वाटलं. तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला, आपल्याच घरात पाहुणा म्हणून आल्यासारखा.

शेवटची ओळ झाली. त्याने श्वास घेतला. जोडपं थबकलं. माझा डावा हात पियानोवर, चौथ्याच्या पहिल्या स्वरांवर जाऊन उभा होता. तो मी उचलून मांडीवर ठेवला. आर्डेनची छाती भरलेली होती, ओठ उघडे होते. त्या क्षणी तो काहीही करू शकला असता. पूर्ण हिवाळा त्याच्या तोंडात होता.

मग त्याने श्वास सोडला. सावकाश, ध्वनिवर्धकासमोरच, त्यामुळे सगळ्या सभागृहाला ऐकू आला. तबकडीवर तो श्वास शब्दांत खर्च झालेला आहे. नुसता सोडलेला मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. कीर्स्टनने अधांतरी पाऊल खाली टेकवलं, आणि टोबिनने तिला विचारलं की आता कुठे जायचं.