पोट जरा नाजूक

सकाळपासून ती चौथ्यांदा संडासाकडे निघाली, तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय गं, तिथंच अंथरूण टाकून देऊ का?"

ती हसली. न हसून सांगते कुणाला? गर्भपिशवीच्या कॅन्सरसाठी दिलेले रेडिएशनचे शेक संपून नऊ महिने झाले होते. गाठ गेली, डॉक्टर खूश झाले, घरच्यांच्या लेखी घोडं गंगेत न्हालं. आणि शेक म्हणजे काय, तर मुरगळलेल्या पायाला देतात तसलाच काहीतरी. त्यानं का कुणाचं वाईट होतं? पण ती लाँड्रीत इस्त्री करायची. वरची घडी कडक करताना खालची कशी करपते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. गाठीमागचं आतडं तसंच भाजलं होतं. रोज रक्त पडत होतं.

बोलायचं कुणाशी? बाईच्या कमरेखालच्या सगळ्या दुखण्यांना त्या घरात एकच शब्द होता: पोट. लाँड्रीत संडास नव्हता, म्हणून तिनं दुपारचं जेवणच सोडलं. मालकीण कौतुकानं म्हणायची, "बारीक झालीस हो, छान दिसतेस."

दर तपासणीला नवरा बरोबर यायचा. माणूस वाईट नव्हता. रजा टाकून यायचा, फाइल छातीशी धरून बसायचा. डॉक्टर त्यालाच विचारायचे, "संडासवाटे रक्त वगैरे?"

"छे छे. पोट तेवढं जरा नाजूक आहे हिचं."

जुलाब थांबवायच्या गोळ्या मिळायच्या. ती शेजारच्याच खुर्चीत मूग गिळून बसलेली असायची. चार माणसांत पुरुष बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. आपणही सगळे त्याला चांगलं वळणच म्हणत आलो.

परवा इस्त्री हातात असतानाच ती कोसळली.

रक्ताची बाटली लावल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघून विचारलं, "कधीपासून जातंय रक्त?"

"सहा महिने झाले."

"अहो, मग बोलला का नाहीत? वेळेवर कळलं असतं तर आतून डागून थांबवता आलं असतं. आता जखम आतड्याच्या आरपार गेलीय."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "निदान मला तरी सांगायचंस."

"मला कुणी विचारलंच नाही हो," ती म्हणाली. "विचारत होते तुम्हाला. आणि तुम्ही सांगत होता."

तो डॉक्टरांकडे वळला, "डॉक्टर, वाचेल ना ही?"

तिनं उशीवर मान वळवली. हा प्रश्न खरं तर तिचा होता. पण डॉक्टरांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला दाराशी नेलं आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. खाटेपर्यंत काहीच ऐकू येत नव्हतं.