चाक उघडं, झडप बंद

मी एक पितळी व्हॉल्व्ह बोलतोय. जरा घाईनेच बोलतोय, कारण उद्या सकाळी मला पुरणार आहेत. हसू नका. व्हॉल्व्ह भंगारात जातात, त्यांना कोणी पुरत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, हारो भागात, फाउस्टो माग्बानुआ नावाच्या प्लंबरने स्वतःचं घर बांधलं, तेव्हा त्याने मला दुकानातून निवडून आणलं. खोक्यात आम्ही दहा-बारा जण होतो. त्याने एकेकाचं चाक फिरवून पाहिलं आणि मला खिशात टाकलं. जिन्याखाली, वर जाणाऱ्या पाइपावर माझी जागा. वरच्या मजल्याचं सगळं पाणी माझ्यातून जायचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

वरचा शॉवर म्हणजे फाउस्टोचा जीव की प्राण. दिवसभर लोकांच्या मोऱ्या साफ करून आला की अर्धा-अर्धा तास त्याखाली उभा राहून बेसूर गायचा. खालून त्याची बायको पुरिंग ओरडायची, "अरे, नदी आटवशील की काय! भात निवला!"

"निवू दे! गार भात मला आवडतो!"

"खोटारडा!"

मग फाउस्टोची आई गेली. आमच्याकडे मयत घरात असेपर्यंत त्या घरात कोणी आंघोळ करत नाही. शेजारी जाऊन करायची. नाहीतर गेलेलं माणूस आणखी कोणाला तरी सोबत नेतं म्हणतात. आठवडाभर शवपेटी खालच्या खोलीत होती. भोवती जप, पत्ते, कॉफी, बिस्किटं आणि गावोगावचे नातेवाईक. मनिलाहून आलेला एक भाचा टॉवेल घेऊन जिना चढताना दिसला आणि फाउस्टोची थोरली बहीण कडाडली. तिला सगळे मनांग कोंचिंग म्हणतात; मनांग म्हणजे ताई.

"आजी खाली निजलीय आणि तुला साबण लावायचाय? लाज नाही वाटत?"

तिने फडकं घेऊन दोन्ही हातांनी माझं चाक आवळलं. इतकं, की माझी झडप तळाशी रुतून बसली.

दफन झाल्यावर तिनेच मला उघडलं. चाक फिरलं, पण दांड्यावरची पकड तुटली. झडप जराशी उचलली आणि तिथेच अडकली. "उघडला गं बाई," म्हणत ती हात पुसत गेली. वर शॉवरला करंगळीएवढी धार.

"उद्या बघतो," फाउस्टो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठतानाच तो कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. हातात पेन्सिल दिली तर नुसत्या रेघोट्या ओढायचा.

मनांग कोंचिंगने निकाल देऊन टाकला. "मयत असताना कोणीतरी या घरात आंघोळ केली. म्हणून पाणी आटलं आणि म्हणूनच याचं अंग गेलं."

पुरिंगने मान खाली घातली. का, ते मला माहीत होतं. तीन दिवस पाहुण्यांसाठी चुलीपुढे घामेजल्यावर एका दुपारी तिने मागच्या नळाखाली दोन मग अंगावर घेतले होते. दोनच मग.

त्यानंतर दोन वर्षं ती रोज खालच्या नळावर बादल्या भरून वर नेत होती. खालचा नळ धो धो, वरचा तसाच. तेरा पायऱ्या, सुजलेले गुडघे, आणि जाता-येता मी तिच्या पायांखाली. पाइपातून मला वरचं सगळं ऐकू यायचं. बादली टेकली की पलंगावर दोनदा ठकठक व्हायची. मग पुरिंगचा आवाज.

"पुन्हा खाली बोट? मागच्या नळाकडेच दाखवतोस ना? केली मी आंघोळ, चुकले. माफ कर ना रे. अशी मान नको हलवूस."

पुन्हा ठकठक. मग तिचं रडणं.

फाउस्टोच्याच हाताखाली शिकलेला रोमेल प्लंबर दोनदा येऊन गेला. खालच्या नळाला जोर आहे, म्हणजे बाहेरची लाइन ठीक, एवढं त्याने बरोबर ओळखलं. शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केली. वरचा पाइप बदलला. शेवटी माझं चाक फिरवून म्हणाला, "हा तर उघडाच आहे, मनांग पुरिंग." अरे गाढवा, आत बघ! पण मला तोंड कुठे आहे?

परवा फाउस्टो गेला. त्याची इच्छा मोठी नव्हती. एकदा, एकदाच, त्याला त्याच्या शॉवरखाली जायचं होतं. पुरिंगने खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. ती कोरडीच राहिली.

पुन्हा शवपेटी आली, पुन्हा तोच रिवाज. मनांग कोंचिंगने मला बंद करायला रोमेलला धाडलं. त्याने चाक शेवटपर्यंत फिरवलं. वरून तिची हाक आली, "अरे, धार अजून चालूच आहे!" त्याने पुन्हा फिरवलं. धार तेवढीच. तो थबकला. मग बाहेरचं पाणी तोडून, पाना लावून त्याने मला खोललं, आत पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसला.

माझ्या जागी त्याने नवा व्हॉल्व्ह लावला आणि वर जाऊन शॉवर सोडला. पाणी असं कोसळलं की खाली पत्ते खेळणाऱ्यांनी माना वर केल्या. पुरिंग गुडघे धरत वर आली.

"मनांग पुरिंग, तो मूठ करून हवेत फिरवायचा ना?" रोमेलने मला तळहातावर धरलं होतं. "मग दोनदा ठोकून खाली बोट? हा व्हॉल्व्ह दाखवत होता तो. झडप अडकली तर ठोकून बघ, हे त्यानेच मला शिकवलं. माझ्यासमोरही ठोकलं त्याने. मला वाटलं, बोलता येत नाही म्हणून चिडतोय."

"म्हणजे तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"तुझ्यावर? कशाला?"

 पुरिंगने पाण्याखाली हात धरला आणि लगेच काढून घेतला. मयत घरात होतं. शॉवर तिने स्वतःच बंद केला.

आज दुपारी तिने मला फाउस्टोच्या डाव्या हातात, जपमाळेखाली ठेवलं. मनांग कोंचिंग शेजारीच उभी होती. पुरिंग पेटीवर वाकून म्हणाली, "तू मान हलवायचास, आणि मला वाटायचं, माफ करत नाहीस."

तुमच्या घरी वरच्या नळाला जोर नसेल, तर माझ्यासारख्याच्या चाकावर विसंबू नका. खोलून बघा. आणि बोलता न येणारं माणूस पुन्हापुन्हा एकीकडे बोट दाखवत असेल, तर रडत बसू नका, तिथे जाऊन बघा. पुरिंग रोज माझ्यावरूनच जात होती हो.