ठिपका नसलेली काच

"पाट्या टाकताय तुम्ही, मॅडम," असं आमचा नवा साहेब मला म्हणाला, तेव्हा मी त्या दिवसाच्या शंभर काचा वाचून मायक्रोस्कोपवर कव्हर घालत होते. साडेचार वाजले होते. शंभर म्हणजे शंभर, त्यावर एक नाही, हा आमच्या कामातला जुना नियम. शंभराच्या पुढे डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही. हे मी त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मर्यादा डोळ्यात नसते, मनात असते." मेल्या, तू कधी बसलायस का त्या स्टुलावर?

काम काय ते सांगते. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर मूळ धरतोय का, हे बघायला तिथल्या पेशी काचपट्टीवर पसरून आमच्या लॅबमध्ये येतात. एका काचेवर हजारो पेशी, त्यातल्या पाच-सहा बिघडलेल्या असल्या तर त्या हुडकायच्या. पहिली वाचणारी अशा पेशीशेजारी पेनाने बारीक ठिपका देते. मग तीच काच दुसरी वाचते. सगळी वाचते, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ठिपका असो वा नसो. दोघींच्या सह्या झाल्या की रिपोर्ट बाहेर जातो. सव्वीस वर्षं मी ही दुसरी सही करत आलेय.

साहेब आला आणि भिंती बोलायला लागल्या. "आणखी एक!" "दमलास? छान, आता सुरुवात कर." दारासमोर भला मोठा फळा लागला, त्यावर आमची नावं आणि रोजचे आकडे. सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि आज किती काचा वाचणार ते मोठ्याने ओरडायचं. पन्नाशी उलटलेल्या बायका आम्ही, गुडघे धरून उभ्या राहायचो आणि ओरडायचो, "एकशे वीस!" मग टाळ्या. घरी सांगायची सोय नव्हती, नवरा हसून हसून लोळला असता.

पहिली वाचणारी माझी जोडीदारीण तिशीतली. साहेबाने तिचं नाव ठेवलं वादळ. दीडशे काचा, एकशे साठ काचा, जेवणाचा डबा डाव्या हातात आणि उजव्या हाताने काच सरकवतेय. ती पुढे ढकलायची तेवढ्या माझ्याकडे साठायच्या. फळ्यावर माझं नाव सगळ्यात खाली. आणि खोटं कशाला बोलू, ते मला लागलं. सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला कोणी म्हातारी मागे पडली म्हटलं की लागतंच.

मग मलाही युक्ती सापडली. ठिपका असलेली काच नीट वाचायची. ठिपका नसलेल्या काचेवरून नुसती नजर फिरवायची, कारण वादळाने ती वाचलेली आहेच ना! शंभराचा नियम सोडून मीही दीडशेच्या घरात गेले आणि पंधरा दिवसांत माझं नाव वर चढलं. साहेबाने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला गुदगुल्या झाल्या. लाज वाटते सांगायला, पण झाल्या.

त्याच सुमारास मी माझ्या धाकट्या जावेच्या मागे लागले होते. "अगं, करून घे ती तपासणी. माझ्याच लॅबमध्ये येते काच, निर्धास्त राहा." काचेवर नाव नसतं, नंबर असतो, त्यामुळे कुठली तिची ते मला कळलं नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. मीच फोन करून सांगितलं, "काही नाही गं तुला, ठणठणीत आहेस." नंतर तिला अंगावरून जायला लागलं तर ती चौदा महिने गप्प बसली. का? तर ताईने सांगितलंय, ठणठणीत आहे म्हणून.

परवा तिचा दुसरा रिपोर्ट आला. कॅन्सर पसरलाय. सोमवारी ऑपरेशन आहे आणि त्यानंतर काय, हे डॉक्टर सांगायला तयार नाहीत.

असा रिपोर्ट आला की त्या बाईची जुनी काच पेटीतून काढून पुन्हा बघायची, असा नियम आहे. मी काढली. काचेवर एकही ठिपका नव्हता. मायक्रोस्कोपखाली ठेवली. पाच-सहा कसल्या, घोळकेच्या घोळके होते! लॅबमध्ये कालपरवा आलेल्या पोरीलाही दिसले असते. जुन्या रिपोर्टखाली दोन सह्या होत्या, वादळाची आणि माझी.

वादळाला बोलावून मी काच दाखवली. ती बघतच राहिली आणि रडायला लागली. "मॅडम, शेवटी शेवटी मी भराभर सोडायचे. मला वाटायचं, तुम्ही बघालच. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

"आणि मला वाटायचं तू बघितलंयस," मी म्हणाले. तिच्या भरवशावर मी आणि माझ्या भरवशावर ती, अशी ती काच कोणीच वाचली नव्हती.

आम्ही दोघी साहेबाकडे गेलो. त्याने खुर्चीतून न उठता सगळं ऐकून घेतलं आणि एक कागद पुढे सरकवला. "नमुना अपुरा होता असं लिहू. पेशी नीट पसरल्या नव्हत्या. म्हणजे आपल्याकडे काही येत नाही. दोघींनी सही करा."

"आणि बाकीच्या काचा?" मी विचारलं. "दीड वर्ष आम्ही असंच वाचलंय. सगळ्या पेट्या पुन्हा उघडायला हव्यात. कितीतरी बायका आपण ठणठणीत आहोत असं समजून फिरत असतील."

"वेड लागलंय का? हजारो काचा आहेत त्या! आजचं काम कोण करणार?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "मॅडम, मागे बघत बसणारी माणसं मोठी होत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोठी?" मी ओरडले. "ती पोर बेचाळीस वर्षांची आहे! माझ्या लग्नातल्या साड्या नेसून तिने मिरवलंय, माझी बाळंतपणं काढलीत तिने! आणि तुम्हाला मोठं व्हायचंय?" बाहेर सगळी लॅब उभी राहून ऐकत होती. तो कागद मी फाडला. वादळाने सही केली नाही, पण तोंडही उघडलं नाही. जुन्या काचांच्या पेट्या असलेल्या कपाटाची किल्ली साहेबाने ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाला, "घरी जा, शांत व्हा."

मी घरी गेले नाही, जावेकडे गेले. दुपारची वेळ होती, ती हॉस्पिटलात न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बसले नाही, पाणीही घेतलं नाही. बसले असते तर धीर सुटला असता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शंभराचा नियम, फळा, ठिपके, युक्ती, माझी सही. वादळावर खापर फोडायचा मोह झाला, नाही म्हणत नाही. पण दुसरी सही माझी होती आणि ती कशासाठी असते हे मला चांगलं माहीत होतं.

मला वाटलं, ही आता मला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी कितवी होते?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी वाचलेल्यांत. माझा नंबर कितवा होता?"

रजिस्टर मी बघून आले होते. "एकशे एकेचाळिसावा."

तिचे हात थांबले. "म्हणजे शंभर झाल्यावर उठून घरी आली असतीस, तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं असतंस."

"हो."

"ताज्या डोळ्यांनी."

"हो गं."

ती रडत नव्हती. मीच रडत होते आणि तेही मला शोभत नव्हतं. तिने विचारलं, "अशा शंभराच्या पुढच्या किती जणी आहोत आम्ही?"

मी म्हणाले, मोजता येणार नाही, किल्ली साहेबाकडे आहे आणि तो देत नाही.

ती पलंगाचा कठडा धरून उठली. पोटावर हात दाबून एक क्षण तशीच उभी राहिली. मी धरायला पुढे झाले तर तिने माझा हात झटकला. मग भिंतीला धरून चपला पायात सरकवल्या.

"अगं, कुठे निघालीस? डॉक्टरांनी हलायचंसुद्धा नाही सांगितलंय."

"रिक्षा बोलाव," ती म्हणाली. "आणि तुझ्या साहेबाला फोन करून सांग, किल्ली काढून ठेव म्हणावं. एकशे एकेचाळिसावी येतेय."