उत्तम शुक्रवारी वाजलेला सूर

मित्रांनो, मी बाजाची पेटी, आता जुनीच म्हणायची. माझ्या काही पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, भात्याचं कातडं दोनदा बदललं आहे आणि हवेत ओल धरली की मी खोकते. पण बोलायचा कंटाळा मला कधीच नव्हता. तेव्हा बसा जरा, सांगते.

माझा जन्म उल्हासनगरचा. एका अरुंद गल्लीत, एका बाजूला पापड वाळत घातलेले आणि दुसऱ्या बाजूला शिलाई मशिनं खडखडत असलेली, अशा दुकानात एका सिंधी मिस्त्रीनं मला घडवलं. सागाच्या फळ्या तो हौसेनं तासायचा. आतल्या पितळी पात्या कानाशी धरून घासायचा आणि सूर जमला नाही की स्वतःलाच शिव्या द्यायचा. १९८२ साली अंबरनाथचे अमोस साळवे मला घ्यायला आले, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "साईं, इसको रोज हवा देना. बंद पडून राहिली ना, तो बीमार होती है."

अमोसभाऊ कारखान्यात कामाला होते आणि बुवापाड्यात दोन खोल्यांत राहत होते. दर रविवारी ते मला सायकलच्या कॅरियरवर रबरी ट्यूबनं करकचून बांधायचे आणि चर्चला न्यायचे. चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. खाली सतरंज्या, समोर टेबल, त्यामागे साधा लाकडी क्रूस. बनूबाई नावाच्या एक आजी गीत उचलायच्या. त्यांचा आवाज दणदणीत, पण सुराशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. अमोसभाऊंची बोटं दोन ओळींत त्यांना सुरावर आणायची. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मला वाटायचं, मी आहे म्हणून देवाला या लोकांचं ऐकू तरी जातं. हसू नका. तुम्हीही कधीतरी असंच समजला असाल.

मग १९८९ साल आलं. कारखान्यात मशिनच्या पट्ट्यात अमोसभाऊंचा उजवा हात ओढला गेला. डॉक्टरांनी हात वाचवला, पण त्यातली शीर तुटली ती तुटलीच. मनगटापासून पुढे हात नुसता लोंबायचा. साहेबांनी त्यांना गेटवर बसायचं काम दिलं. घरी आले की ते माझ्यासमोर बसत, डाव्या हातानं उजवा हात उचलून माझ्या पट्ट्यांवर ठेवत आणि डोळे मिटत.

"प्रभू, एवढा एक हात दे," ते म्हणायचे. "दुसरं काही मागत नाही."

रोज तेच. मागून झालं, बोटं हलली नाहीत, की उठून बाहेर जायचे. माझं झाकण उघडंच राहायचं.

पुढच्या हिवाळ्यात उल्हासनगरच्या मैदानावर चंगाईची, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायची, सभा भरली. अमोसभाऊंच्या पत्नी चांगुणाबाई त्यांना घेऊन गेल्या. मी घरीच होते, पण परत आल्यावरचं बोलणं मी ऐकलं.

"अहो, प्रार्थनेच्या वेळी बोटांत मुंग्या आल्या म्हणालात ना?"

"आल्या. पण त्या हात दबला तरी येतात, चांगुणा."

"असं नका बोलू. तिथं सांगितलं ना, मिळालं असं धरून चालायचं, मग मिळतं. रविवारी साक्ष द्यायला पायजे आपण."

मित्रांनो, त्यात कपट नव्हतं. नवऱ्यावरची माया होती आणि देवावरचा भरवसा होता. रविवारी त्यांनी मलाही रिक्षात घालून चर्चला नेलं, त्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि प्रभूनं हात बरा केला म्हणून त्यांनी साक्ष दिली. लोकांचे डोळे भरून आले. मंडळीतल्या दोघांनी मला उचलून अमोसभाऊंपुढे ठेवलं. नाही म्हणायला त्यांना कोणी सवडच दिली नाही.

त्यांनी डाव्या हातानं भाता ओढला. माझ्या पोटात हवा भरली. मी वाट पाहत होते. उजवा हात पट्ट्यांवर तसाच पडून होता. मग त्या हाताच्या ओझ्यानं चार-पाच पट्ट्या एकदम दबल्या आणि माझ्यातून असा बेसूर आवाज निघाला की पुढं बसलेलं तान्हं मूल रडायला लागलं.

बनूबाई जवळ आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "अमोस, इश्वास कमी पडला रे बाबा."

अमोसभाऊ उठले आणि निघून गेले. मला न्यायलाही परतले नाहीत. काही महिने मी चर्चच्या कोपऱ्यात, मोडक्या खुर्च्यांखाली पडून होते. माझ्यावर धूळ बसली. त्याचं मला वाईट वाटलं, पण खरं दुःख वेगळंच होतं. एवढ्या प्रेमाचा माणूस देवाशी अबोला धरून बसला होता आणि तो अबोला सुटेल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग उत्तम शुक्रवार आला. प्रभू ज्या दिवशी क्रूसावर मेला, त्या दिवसाची उपासना भर दुपारी, तीन तास चालते. पत्रा नुसता तापला होता. चांगुणाबाईंबरोबर अमोसभाऊ आले आणि मागे, भिंतीला टेकून, माझ्या कोपऱ्याशेजारी बसले. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, काही फार मोठे वक्ते नव्हते. सावकाश बोलायचे, मध्येच घाम पुसायचे. ते म्हणाले, "क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनंही मागितलं होतं. बापा, जमलं तर हे दुःख टळू दे. घाम गळेपर्यंत मागितलं. आणि टळलं नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "बापाचा लाडका लेक तो. त्याला मिळालं नाही. आता मला सांगा, विश्वास कोणाचा कमी पडला होता?"

बनूबाईंनी पदर तोंडाला लावला. अमोसभाऊंनी मान वर केली आणि त्या लाकडी क्रूसाकडे बघत राहिले. जणू आजवर तो तिथं होता हे त्यांना आत्ताच दिसलं.

बनूबाईंनी गीत उचललं. उन्हानं आणि रडण्यानं त्यांचा आवाज फाटला होता. बाकीचे त्यांच्यामागे चाचपडत निघाले. प्रत्येकाचा सूर वेगळा आणि सगळ्यांचे खाली खाली घसरणारे. तेव्हा अमोसभाऊंनी डाव्या हातानं मला खुर्च्यांखालून ओढलं. गुडघ्यानं दाबून धरलं आणि भात्याची कडी एका हातानं, धडपडत सोडवली.

माझ्या पुढच्या अंगाला खुंट्या आहेत. त्यांतली एक अशी की ती ओढली की पट्टीला बोट न लावता एकच सूर वाजत राहतो. चाल नाही, चढउतार नाही. नुसता सूर. इतक्या वर्षांत तिच्याकडे आम्हा दोघांचंही फारसं लक्ष गेलं नव्हतं. अमोसभाऊंनी ती ओढली आणि भाता हलवायला लागले.

आधी मी खोकले. मग सूर लागला. बनूबाई अडखळल्या आणि त्याला येऊन मिळाल्या. मग पुढची रांग, मग मागची. साऱ्या खोलीचं गाणं त्या एका सुरावर उभं राहिलं.

मित्रांनो, मी कितीतरी चाली वाजवल्या होत्या, पण असं कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली. खूप मोठ्या कोणाच्या तरी समोर आपण आहोत, अशी ती भीती होती आणि तिथून हलूच नये असंही वाटत होतं. माझ्या अंगातून जाणारी हवा मला माझी वाटेना. अमोसभाऊंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, मांडीवर उजवा हात तसाच निर्जीव पडला होता आणि त्यांचा चेहरा मात्र न्हाऊन निघाल्यासारखा दिसत होता. गीत संपलं तरी त्यांनी भाता थांबवला नाही. लोकही उठले नाहीत. बनूबाई सरकत सरकत आल्या आणि तो निर्जीव हात दोन्ही हातांत धरून बसल्या.

त्यानंतर मी पुन्हा बुवापाड्यातल्या घरी आले. पुढे चर्चमध्ये विजेचा की-बोर्ड आला आणि माझं तिथलं काम संपलं. हात बरा झाला नाही. ते मी लपवणार नाही. पण संध्याकाळी अमोसभाऊ मला उघडून तो एक सूर लावायचे. १९९६च्या सुमाराला एकदा चांगुणाबाईंनी त्यांना विचारलं, "अजून मागता का हो हात?"

"मागतो की. दिला तर आजच पायजे." ते हसले. "पण पहिले मागून झालं की उठायचो, रागानं. आता मागून झालं तरी उठवत नाही. तसाच बसतो प्रभूपाशी. मन भरतं."

भांडी तशीच ठेवून चांगुणाबाईही शेजारी येऊन बसल्या.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, मी लाकूड आहे. पण तुमच्या ओळखीचं कोणी वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत असेल आणि त्याला ती मिळत नसेल, तर त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. त्याच्याजवळ जाऊन गप्प बसा. आणि बसताना जरा जपून, कारण तिथं तुमच्या आधीच बागेत मागणारा तो प्रभू येऊन बसलेला असतो.