सात किलो, बॅगेसकट

कुत्रं विमानात एकटं जात नाही, सोबत माणूस लागतो. हे मला माझ्या मुलीनं, प्रणोतीनं, बंगलोरहून फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

"बाबा, लहान कुत्रा केबिनमध्ये नेता येतो. बॅगेसकट सात किलो. फक्त पॅसेंजर पाहिजे ना त्याच्यासोबत."

पॅसेंजर म्हणजे मी. भय्यासाहेब, वय एकाहत्तर, मुक्काम महाराजपूर, जबलपूर. जाणार बंडू, आणि मी त्याची बॅग उचलणारा.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा कुत्र्यावर जळून राहिला. जळून राहिलोच! पण ऐका तर आधी. विनता, माझी बायको, मागच्या वर्षी जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला गेली. तीन महिन्यांचं सांगून गेली होती. बाळ रांगायला लागलं तरी ही तिकडंच. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "अहो, मला इकडं बरं वाटतं. मी आता परत नाही येत. बंडूला घेऊन या." झालं. एवढंच. त्या बोलण्याला कितीही बारीक चाळणी लावली तरी त्यात मी काही सापडलो नाही. बंडू तिचा. पांढरा, झुबकेदार शेपटीचा, तिच्या खुर्चीखाली झोपणारा. तो हवाच तिला. पण मी हवा की नको?

सरळ विचारायचं होतं, हो ना? पण आमच्या घरात सरळ विचारायची रीत नाही. मी फॅक्टरीत छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. वजन उचलायच्या साखळ्या तपासायचो. साखळी मजबूत आहे का, हे साखळीला विचारत नसतात. तिला ठरल्यापेक्षा जास्त वजन टांगायचं. टिकली तर पास, तुटली तर रिजेक्ट. घरीसुद्धा माझं तेच. चहा रिजेक्ट, भाजी रिजेक्ट, पडद्यांचा रंग रिजेक्ट. एकेचाळीस वर्षांत विनताची एकही भाजी मी तोंडानं पास केली नाही. खायचो मात्र दोनदा मागून. जित्याची खोड, दुसरं काय!

तर मी टेस्ट ठरवली. बंडूचं वजन सातच्या वर न्यायचं. काउंटरवर नाही म्हणतील. मग तिथूनच विनताला फोन लावायचा, की कुत्रा येऊ शकत नाही, आता काय करू? ती म्हणाली, "तुम्ही एकटेच या," तर मी पास. बंडू राहील थोडे दिवस शेजारच्या श्यामसुंदरकडे, बारीक झाला की आणता येईल. घरून फोन केला असता तर म्हणाली असती, महिनाभर त्याला कमी खाऊ घाला अन् मग निघा. विमान सुटायला तास उरलेला असला की माणूस खरं बोलतो.

तीन आठवडे मी त्या कुत्र्याला काय काय चारलं! सकाळी पनीर, दुपारी तूप घातलेला दहीभात, संध्याकाळी खोव्याच्या जलेबीचा तुकडा. डॉक्टरीणबाई विमानाचं सर्टिफिकेट देताना माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अंकलजी, ये तो फूल रहा है." मी म्हटलं, केस आहेत हो, केस. बरं, प्रणोतीचा हुकूम होता की रोजचं खाणं त्या बॅगेतच द्यायचं, म्हणजे त्याला सवय होईल. आधी चेन उघडी, मग अर्धी, मग पूर्ण बंद. पंधरा दिवसांत असं झालं की मी बॅग जमिनीवर ठेवली की गडी शेपूट हलवत आपणहून आत. मी चेन लावायचो आणि तो जाळीतून माझ्याकडे बघत बसायचा. एकदाही भुंकला नाही. मला ते बघवत नसे. मी उठून उगाच अंगणात जायचो.

वजन मी रोज पाहायचो. निघायच्या दिवशी सकाळी बंडू सहा किलो दोनशे, बॅग साडेसातशे, आणि आत अंथरलेली विनताची जुनी सुती साडी साडेचारशे. मालकिणीचा वास असला की कुत्रं शांत राहतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. एकूण सात किलो चारशे. वा! मी खूश. आयुष्यात पहिल्यांदा माल फेल व्हावा म्हणून राबलो होतो.

श्यामसुंदरनं गाडीतून डुमना एअरपोर्टला सोडलं. त्याला सगळी गोष्ट सांगितली नव्हती, नुसतं म्हटलं होतं, थोडा वेळ बाहेर थांब, कुत्र्याला नाही घेतलं तर तूच घरी ने. "अरे भय्यासाहेब, काहून नाही घेणार?" म्हणाला. बिचाऱ्या हिंदीवाल्यानं माझ्याकडूनच उचललेलं 'काहून' आहे ते.

काउंटरवर एक तरुण होता, छातीवर अनुपम लिहिलेलं. त्यानं बॅग काट्यावर ठेवली. सात चारशे. माझा काटा बरोबर निघाला.

"दादाजी, चार सौ ग्राम ज़्यादा है."

"तो रिजेक्ट करो," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. "अरे नहीं, नहीं. देखते हैं ना कुछ."

"देखना क्या है? नियम सात का है."

"आप टेंशन मत लीजिए. मैं मैडम से पूछ के आता हूँ." आणि गेला आत.

मी लगेच फोन लावला.

"विनता, बंडूचं वजन जास्त भरलं. नाही म्हणतील बहुतेक."

"अगं बाई! किती भरलं?"

"सात चारशे."

"असा कसा वाढला एवढा?"

"काय माहीत." ताकाला जाऊन मी भांडं लपवलं. "आता काय करायचं, तू सांग."

तिच्या मागं बाळाचं काहीतरी बोबडं चाललं होतं. माझा जीव कानात आला होता.

"श्यामसुंदरभैया आहेत ना बाहेर?"

"आहे."

"मग घरी जा बंडूला घेऊन. काय करणार!"

"आणि मी?"

"मग तुम्ही तरी काहून येता?" विनता म्हणाली. "तुम्हाला इथलं काही पटायचं नाही. पाणी पटणार नाही, लिफ्ट पटणार नाही. तिथं बरे आहात तुम्ही दोघं."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर चाललं असतं, तिचा राग मी ओळखतो. अगदी साधं म्हणाली, दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगावं तसं. त्यात माझी काळजीही होती थोडी. तेच जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! कोणी सांगितलं होतं म्हाताऱ्या, टेस्ट घे म्हणून? मला रडू यायला लागलं, एअरपोर्टवर, पाठीमागं एवढी लाईन उभी असताना. फोन तसाच कानाला धरून मी दुसऱ्या हातानं बॅग उचलायला वळलो. झाली टेस्ट. चला घरी.

तर बॅग उघडी! अनुपम परत आला होता आणि लाईनमधली एक बाई त्याला मदत करून राहिली होती. बंडूला बाईनं उचलून धरलं होतं, अनुपमनं खालची साडी ओढून काढली, बंडू आपला शहाण्यासारखा परत आत गेला. चेन बंद. बॅग काट्यावर. सहा किलो नऊशे पन्नास.

"हो गया दादाजी!" अनुपम ओरडला. मागं दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. "साड़ी आप हाथ में पकड़ लीजिए, उसका कोई वज़न नहीं लगेगा."

छत्तीस वर्षांत मी कोणाला चार ग्रॅम सोडले नाहीत हो! आणि या पोरानं मला हसत हसत पास केलं.

"मुझे नहीं जाना," मी म्हटलं.

"पहली बार उड़ रहे हैं क्या? डरिए मत अंकल," बाई म्हणाली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. बोर्डिंग पास माझ्या खिशात अनुपमनंच कोंबला. आणि फोन चालूच होता.

"अहो, काय झालं? काय म्हणाले ते?" विनता तिकडून ओरडून राहिली होती.

"साडी काढली तर बसला सातमध्ये."

"खरंच? माझा बंडू! अहो, मग या ना लवकर!" आणि ती हसली. तशी हसलेली मी किती वर्षांत ऐकली नव्हती.

आता म्हणाली, या. याच एका शब्दासाठी तीन आठवडे कुत्रं चारलं होतं मी. पाच मिनिटं आधी मिळाला असता तर बंगलोरपर्यंत नाचत गेलो असतो. आता त्या शब्दाचं मी काय करू? नाही म्हणावं तर तिचं ते हसू माझ्या तोंडानं विझवायचं. ते माझ्यानं होईना. श्यामसुंदरला फोन करून सांगितलं, जा बाबा तू घरी. "मैंने कहा था ना!" म्हणाला आणि खूश होऊन गेला.

खिडकीची सीट मिळाली. शेजारी एक जाडजूड गृहस्थ, त्याच्या पलीकडे त्याची तशीच जाडजूड बायको. बंडूची बॅग पुढच्या सीटखाली, माझे पाय तिच्या दोन बाजूंना. एअर होस्टेसनं सांगितलं की उतरेपर्यंत चेन उघडायची नाही, त्याचा पट्टाही सोडायचा नाही. बंडू आत एकदा गोल फिरला, जागा पुरली नाही, तसाच बसला. बारीक आवाजात कुईं कुईं करायला लागला. घरी कधी असा रडला नव्हता. मी साडी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला दार दिसत होतं, अजून उघडं. दोन माणसांना उठवलं तर पोचता आलं असतं. मी उठवलं नाही.

तेवढ्यात विनताचा व्हिडिओ कॉल आला. मी चष्मा पुसला, केसांवरून हात फिरवला.

"दाखवा ना त्याला!" ती म्हणाली.

मी पोट दाबून खाली वाकलो आणि फोन जाळीसमोर धरला. तिचा आवाज ऐकून बंडूनं जाळीला नाक लावलं आणि बॅग हलायला लागली. "आलास का रे राजा! घाबरला का माझा सोन्या? थोडंच राहिलं, हं. मी येते तुला घ्यायला, खाली गेटवर उभी राहते, हं." बोलतच होती. इतकं गोड बोलायला येतं तिला, मला माहीत होतं, आमच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं मी. कंबर भरून आली, पण मी हात हलवला नाही. कॅमेरा त्याच्यावरच राहू दिला.

"सर, फ़ोन बंद कीजिए प्लीज़," एअर होस्टेस वरून म्हणाली. "दरवाज़ा बंद हो रहा है."

"दो मिनट, बेटी," मी खालूनच म्हटलं. "अभी मेरी बारी नहीं आई है."

तिला काय कळलं कोण जाणे. थांबली बिचारी. मग मी फोन वर आणून चेहऱ्यासमोर धरला, तर विनतानं कॉल ठेवून दिला होता.