विहीणबाईच्या नावावरची गाडी

केळी कापणीच्या दिवशी माणसाला घाम पुसायला फुरसत नसते, आणि जीवरामभाऊंनी नेमका त्याच दिवशी गाडीचा विषय काढला. ट्रक शेताच्या तोंडाशी लागलेला, मजूर खांद्यावर घड घेऊन पळताहेत, चिकानं सगळ्यांचे कपडे काळे पडलेत, आणि भाऊ बांधावर उभे राहून बायकोला सांगताहेत की यंदा चारचाकी घ्यायची; पण जळगावला नाही, बऱ्हाणपूरला घ्यायची.

"तठी काय पाचवं चाक देतात?" बेबाबाईंनी विचारलं.

भाऊंनी मग सगळं समजावून सांगितलं. गाडीची किंमत दोन्हीकडं जवळजवळ सारखीच. पण नावावर करताना सरकार जो टॅक्स घेतं, तो आपल्याकडं जास्त आणि मध्यप्रदेशात कमी. आमचं गाव रावेर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. पलीकडंही हीच काळी माती, हीच केळी आणि चैत्रात असंच कवटी तापवणारं ऊन. मधे रस्त्याच्या कडेला राज्याची हद्द सांगणारी एक पाटी तेवढी आहे. पलीकडं दिलेल्या लेकीकडं जाता-येता ती पाटी भाऊंनी शेकडो वेळा पाहिली होती, पण तिच्या पलीकडं गाडी स्वस्त पडते हे कळल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना.

अडचण एकच होती. तिकडं गाडी नावावर करायची तर पत्ताही तिकडचा लागतो. जावयाला सांगणं बरं दिसत नव्हतं. पण लेकीची, म्हणजे भाविकाची, सासू मंजुळाबाई मोठ्या दिलाच्या. नवरा गेल्यावर चाळीस बिघे केळी त्यांनी एकटीनं सांभाळली होती. त्यांच्या कानावर गेलं, तशा त्या म्हणाल्या, माझ्या नावावर घ्या, त्यात काय एवढं, आपण काय परके आहोत.

बेबाबाईंना हे पटलं नाही. लेक दिलेल्या घरी आपली वस्तू ठेवायची नसते, ती उद्या मागताही येत नाही आणि टाकताही येत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणाले, तुले हिशोब समजत नाही. त्यावर बेबाबाई परत केळीच्या कामाला लागल्या, आणि पुढं महिनाभर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही.

गाडी आली. पांढरीशुभ्र, पुढं झेंडूचा हार आणि हाराखाली एमपीची नंबर प्लेट. आमची गल्ली पेढे खाऊन झाल्यावर ती प्लेट वाचायला लागली. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी भाऊंना हिंदीत राम राम घातला. आठवड्याभरात अख्खा गाव त्यांच्याशी हिंदीत बोलू लागला. दूधवालासुद्धा 'भाईसाब, दूध कितना?' विचारून जायचा.

ते भाऊंनी हसून सोडून दिलं. खरा ताप पुढंच होता. मुलगा पियुष दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला. रविवारी तो घरी आला की गाडी निघायची, आणि हायवेवर बाहेरचा नंबर दिसला की पोलीस हात दाखवायचा. कागद बघायचा. गाडी मंजुळाबाईंची. मंजुळाबाई कोण? विहीण. गाडीत आहेत का? नाहीत. मग पियुष समजावत बसायचा आणि भाऊ मागच्या सीटवर घाम पुसत बसायचे. एका साहेबानं तर सरळ सांगितलं, की बाहेरची गाडी कायम इथंच फिरवायची असेल तर इथला टॅक्स भरावा लागतो. भाऊ म्हणाले, "कायम नाही हो साहेब, गाडी पाहुनी आलेली हाये."

घरी येऊन त्यांनीच तोड काढली. विहीणबाईंनाच सोबत घ्यायचं. गाडीची मालकीण गाडीत बसलेली असली म्हणजे कोण काय विचारील?

तेव्हापासून कुठं जायचं असलं की गाडी आधी उलट्या दिशेला, बऱ्हाणपुराकडं जायची, विहीणबाईंना घ्यायची, आणि मग निघायची. विहिणीला मागं कसं बसवणार? त्या पुढं बसू लागल्या आणि बेबाबाई मागं गेल्या. मंजुळाबाईंना फिरण्याची मोठी हौस. नवरा गेल्यापासून त्या शेत आणि बाजार सोडून कुठं गेल्या नव्हत्या. काच खाली करून त्या वाऱ्याला तोंड द्यायच्या, आणि पियुषला पुढं घाल, मागं घे, हॉर्न वाजव, असं सांगत राहायच्या. पेट्रोल मात्र तिकडं महाग आणि आपल्याकडं दोन रुपयांनी स्वस्त. हळूहळू त्या गाडी तिकडंच ठेवून घेऊ लागल्या, आणि टाकी कोरडी पडली की भरायला तेवढी रावेरला पाठवत. भाऊंनी एकदा दबकत विचारलं, तर त्या सरळ म्हणाल्या की भाऊ, तुम्हीच तर शिकवलं, जठी जे सोस्त तठी ते घ्यायचं.

चाळीसगावला बेबाबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. मावशीनं हळदीलाच जायला हवं. त्याच दिवशी विहीणबाई गाडी घेऊन ओंकारेश्वराला गेल्या होत्या. भाऊ आणि बेबाबाई एसटीनं भुसावळला आले, तिथून रेल्वेनं चाळीसगावला. डब्यात उभं राहून बेबाबाईंच्या पायाला गोळे आले. मांडवात पोचल्या तेव्हा हळद लागून नवरीचे हात धुवून झाले होते. बहिणीनं पाण्याचा तांब्या दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवला. परतीच्या वाटेवर भाऊंनी खिडकीची जागा बायकोला दिली आणि शेंगदाणे घेऊन दिले. बेबाबाईंनी ते खाल्ले नाहीत.

पावसाळा सरला आणि एका दुपारी मंजुळाबाई स्वतःच आल्या. बसनं आल्या होत्या. डोळे लाल. पाण्याचा पेला बाजूला सारून त्या ओट्यावर बसल्या. बेबाबाईंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा त्या बोलत्या झाल्या.

त्यांच्या धाकट्या मुलाचं, नवलचं, धुळ्यात जमत आलं होतं. मुलगी तिथल्याच देवपूर भागातली, दीपमाला तिचं नाव, वडील झुलाल सर निवृत्त शिक्षक. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. आणि अचानक सरांचा निरोप आला की आम्ही थांबतो. चौकशी केली तर कळलं, सरांच्या कानावर गेलं होतं की या बाईनं मोठ्या सुनेच्या बापाकडून गाडी घेतली. कागदावर बाईचं नाव आणि पैसे सुनेच्या बापाचे. सरांनी हुंड्याविरुद्ध जन्मभर भाषणं केलेली.

"भाऊ, मी तुमच्याकडून सुपारीबी घेतली नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "अन् लोक मले हुंडेखोर म्हनतात. माह्या पोराचं लगीन मोडलं तुमच्या गाडीपायी."

भाऊंचा चेहरा पडला. गाडीत आपण किती ऐटीत फिरलो, हे विहीणबाईंनाही आठवत असावं, कारण त्या बेबाबाईंकडं बघत नव्हत्या. बेबाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चुलीवर चहा ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की उद्याच्या उद्या धुळ्याला जायचं, आणि जे आहे ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

झुलाल सरांचं देवपुरातलं घर स्वच्छ, दारात तुळस, बैठकीत पुस्तकांचं कपाट. सर ताठ बसलेले. दोन-चार नातलगही बोलावलेले. भाऊंना वाटलं होतं, कानात सांगून मोकळं व्हावं. इथं तर सभाच भरली होती.

"सर," भाऊ उभे राहून म्हणाले, "ती गाडी माहीच हाये. विहीणबाईले मी ती दिली नाही. नुसतं त्यांचं नाव लावलं."

"का लावलं?" सरांनी विचारलं.

भाऊ खाली बघू लागले. सोबत आलेला पियुष बाहेर निघून गेला.

"टॅक्स वाचवाले," भाऊ म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. शाळेत गणित चुकलेल्या पोराकडं पाहावं तसं ते पाहू लागले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "वाचला का?"

भाऊंनी खरं ते सांगून टाकलं. दर वेळी विहीणबाईंना आणायला उलटं जायचं. आता गाडी आपल्या नावावर करायची तर तिकडचा दाखला आणायचा आणि इथला टॅक्स परत भरायचा. तिकडं भरलेला परत मिळवायला किती खेटे पडतील ते देवाला ठाऊक. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. आतल्या दाराशी उभी असलेली दीपमाला पदर तोंडाला लावून हसू लागली, मग सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि शेवटी सगळी बैठकच हसली. भाऊ एकटे उभे होते. बेबाबाईंनी त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

सर म्हणाले, हुंडा देणारा माणूस एवढा हिशेबी नसतो, माझी खात्री पटली. लग्न ठरलं. सरांची अट एकच, साखरपुड्याआधी गाडी भाऊंच्या घरच्या नावावर आली पाहिजे.

आली. भाऊंनी महिनाभर चपला झिजवल्या आणि टॅक्स भरला. मात्र अर्जावर नाव कुणाचं घालायचं, हे बेबाबाईंनी ठरवलं आणि सही स्वतः केली. एमएच-१९ ची प्लेट लागली, तेव्हा दूधवाला पुन्हा मराठीत बोलू लागला. मंजुळाबाई आता मागं बसतात, बेबाबाईंशी पूर्वीपेक्षा जास्त गप्पा मारतात, आणि पियुषला हॉर्न वाजवायला तिथूनही सांगतात.

साखरपुडा देवपुरात थाटात झाला. निघताना सगळे गाडीत बसले. भाऊ दार लावणार तेवढ्यात झुलाल सर जवळ आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, भाऊंचा हात धरला आणि त्यांना दोन पावलं बाजूला नेलं.

"जीवरामभाऊ, एक विचारू का?" ते हळू आवाजात म्हणाले. "दीपमालेला नोकरीवर जायला एक स्कुटी घ्यावी म्हणतो. लग्नानंतर तिचा पत्ता तिकडचाच होणार. तिकडं टॅक्स नेमका किती कमी पडतो?"

भाऊंच्या डोळ्यांत जुनी चमक आली. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या सीटची काच खाली झाली.

"सर," बेबाबाई म्हणाल्या, "कुठीबी घ्या. पन पोरीच्याच नावावर घ्या. आन् यांले इचारू नका."

मग त्यांनी काच वर केली आणि पियुषला गाडी काढायला सांगितलं. भाऊ धावत येऊन मागं, विहीणबाईंच्या शेजारी बसले.